इसार घेतला की बाग गेली : बँकॉकमधला आमचा एक तास

गावातली चार पोरं पुढच्या महिन्यात बँकॉकला निघाली आहेत. त्यातल्या एकानं परवा पानठेल्यावर विचारलं, "भाऊ, तुमी तं जाऊन आले, कसं हाय तिकडं?" मी म्हणालो, "मस्त हाय." घरी येईपर्यंत माझीच मला लाज वाटत होती. मी जायच्या आधी ज्यांना विचारलं होतं, त्यांनीही मला "मस्त हाय" एवढंच सांगितलं होतं.

आम्ही तिघं वरूड तालुक्यातले. मी, मामेभाऊ आणि शाळेपासूनचा एक दोस्त, ज्याचा ट्रॅक्टर भाड्यानं चालतो. गेल्या डिसेंबरात संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हातात आले आणि डोक्यात हवा गेली. घरी सांगितलं, हैदराबादला कृषी प्रदर्शन आहे, हॉस्टेलवर राहू. हॉस्टेलचं तेवढं खरं होतं. बाबांच्या डोळ्यांपुढं पत्र्याच्या पेट्या आणि पातळ वरण असलेलं वसतिगृह आलं असणार.

पहिला चुना तर इथंच लागला, गाव सोडायच्या आधी. तिकीट काढून देणाऱ्या एजंटनं ‘व्हिसा आणि एंट्री फॉर्म’ म्हणून माणशी अडीच हजार घेतले. थायलंडनं २०२४ च्या जुलैपासून भारतीयांना ६० दिवसांपर्यंत बिनव्हिसा प्रवेश दिला होता, आणि १ मे २०२५ पासून जे डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं ते सरकारी साइटवर फुकट भरता येतं, पोचायच्या आधीच्या ७२ तासांत. नियम बदलत असतात, म्हणून जाताना स्वतः पाहा. तसल्याच दिसणाऱ्या पैसे उकळणाऱ्या साइटही आहेत. साडेसात हजार रुपये दहा मिनिटांच्या कामाचे. असो. त्याचं दुःख नंतर फार लहान झालं.

बँकॉकमधल्या खाओ सान रोडच्या मागच्या गल्लीत आमचं हॉस्टेल होतं. एका खोलीत दहा पलंग, खालीवर, प्रत्येकाला एक पडदा. लॉकर होतं, पण कुलूप आपलं आणायचं. काउंटरवर वाटीभर कापसासारखे कानात घालायचे बोळे ठेवलेले. मामेभाऊ म्हणाला, "हे काहून ठेवले बे?" रात्री कळलं. खालीच बार, तिथं टेबलावर ग्लास मांडून त्यात चेंडू टाकायचा खेळ, आणि दहा वाजता सगळ्यांच्या मनगटाला पट्टी बांधून वरात एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये. बाहेर रस्त्यावर काडीला खोचलेले विंचू, आणि प्लास्टिकच्या बादलीत दारू, तिच्यात चार नळ्या. आपल्याकडं बादलीत फवारणीचं औषध कालवतात, म्हणून मला पहिल्या दिवशी ती तोंडाजवळ नेववेना.

फुकटचे शॉटही मिळतात. आम्ही दोन घेतले. परत आल्यावर वाचलं की २०२४ च्या नोव्हेंबरात शेजारच्या लाओसमध्ये, वांग विएंग नावाच्या, पाठीवर बॅग टाकून स्वस्तात फिरणाऱ्या पोरांच्या गावात, मिथेनॉल म्हणजे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूनं सहा परदेशी पर्यटक मेले. मिथेनॉलची चव कळत नाही; आधी नशा, मग काही तासांनी उलट्या आणि डोळ्यांपुढं अंधार. सीलबंद बाटली, डब्यातली बियर, एवढंच प्यावं. ज्यांना प्यायचीच आहे त्यांना सांगतोय.

दुसऱ्या दिवशी ग्रँड पॅलेसला निघालो तर वाटेत एक सभ्य दिसणारा माणूस म्हणाला, आज पॅलेस बंद आहे, पूजा आहे, हा टुकटुकवाला, म्हणजे तिथला रिक्षावाला, वीस बाटमध्ये (बाट म्हणजे तिथलं चलन) दुसरी मंदिरं दाखवेल. हॉस्टेलच्या मुलीनं सकाळीच बजावलं होतं की असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, पॅलेस सहसा रोज उघडा असतो. ते टुकटुक शिंप्याच्या आणि रत्नांच्या दुकानांपुढं थांबतं, चालकाला तिथून पेट्रोलचं कूपन मिळतं. आम्ही हसून पुढं गेलो. गेटवर पोचलो तर गर्दी आत जातच होती. आपण शहाणे आहोत असं आम्हाला नेमकं तिथंच वाटलं.

त्याच संध्याकाळी हॉस्टेलच्या बारमध्ये तो भेटला. "इंडिया से?" चांगली हिंदी, अंगावर साधा शर्ट, चाळीसच्या आसपास. कुठला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या तिघांच्या बियरचे पैसे त्यानं दिले. आम्ही नको म्हणालो तर म्हणाला, "अरे, भाई हो." तासभर बसला. शेतीचं विचारलं, संत्र्याचं विचारलं. मामेभाऊ कानात म्हणाला, "आपला मानूस हाय."

इथं संत्र्यावाल्यांसाठी दोन ओळी जास्त लिहितो. व्यापारी बागेत येतो, चहा पितो, झाडावरच्या फळाचा सौदा करतो आणि इसार म्हणून थोडे पैसे हातावर ठेवतो. त्या क्षणापासून बाग बांधली गेली. दुसरा गिऱ्हाईक जास्त भाव घेऊन आला तरी तुम्ही म्हणता, नाही भाऊ, इसार घेतला. आणि भाव पडला की तोच व्यापारी तोडणीला येत नाही, फळ गळत राहतं. हे आमच्या बापानं दोनदा भोगलं आहे. त्या माणसानं तीन बियर पाजल्या तेव्हा मला हे आठवायला हवं होतं. तो इसारच होता. नंतर तो म्हणाला, चला, एक चांगली जागा दाखवतो, तर नाही म्हणायला जीभ वळेना.

टुकटुकचे पैसेही त्यानंच दिले. पटपाँग नावाच्या बारच्या गल्लीत गेलो, सीलोम रोडच्या बाजूला. खाली रात्रीचा बाजार, घड्याळं, टीशर्ट, आणि वर पहिल्या माळ्यावर जायला अरुंद जिना. दारात एकानं लॅमिनेट केलेला कागद दाखवला : एंट्री फ्री, बियर १०० बाट. आम्ही वर गेलो. तो "सिगारेट घेऊन येतो" म्हणून खाली गेला आणि आजतागायत आला नाही.

आत काय होतं ते लिहीत नाही. बघण्यासारखं काही नव्हतं, एवढंच. पोरी शेजारी येऊन बसल्या, आम्ही न मागता त्यांचे ग्लास आले. वीस मिनिटांत आम्ही उठलो तर बिल आलं : ११,४०० बाट. शो पाहिल्याचे वेगळे, पोरींच्या ग्लासांचे वेगळे. मी कागदावरच्या १०० कडं बोट दाखवलं. बिल आणणाऱ्या बाईनं तो कागद उलटा केला. मागं बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं. वाद घालेपर्यंत जिन्याच्या तोंडाशी दोघं उभे होते. हात लावला नाही कुणी. फक्त उभे राहिले.

तिघांच्या खिशात मिळून ३,४०० निघाले. बाकीचे ८,००० माझ्या कार्डावर. मशीननं विचारलं, रुपयांत की बाटमध्ये? मी घाबरून रुपये दाबले. तिथंही चुकलं, कारण रुपये निवडले की बदलाचा भाव ते मशीनवालेच लावतात, आणि तो वाईट असतो. नेहमी तिथलं चलन निवडायचं. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो; मी तो करताना मर्यादा टाकलीच नव्हती. दोन हजारांची टाकली असती तर मशीननंच नाही म्हटलं असतं, मला म्हणायची गरज नव्हती. सगळं मिळून त्या वर्षीच्या आमच्या भावानं टनाच्या वर संत्रा तासाभरात गेला.

खाली रस्त्यावर आल्यावर दोस्त म्हणाला, पोलिसात जाऊ. थायलंडमध्ये पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत, नंबर ११५५, चोवीस तास, इंग्रजी चालतं. नंबर हॉस्टेलच्या भिंतीवर लिहिलेला होता, मी त्याचा फोटोही काढला होता. पण मामेभाऊ म्हणाला, "जाऊ दे ना गा. तिथं का सांगशीन, कुठी गेल्तो म्हनून? घरी समजलं तं?" आणि आम्ही गेलो नाही. मला आता वाटतं, त्या बिलात सगळ्यात मोठी रक्कम हीच होती. जिन्यापाशी उभ्या असलेल्या दोघांपेक्षा त्यांचा जास्त भरवसा आमच्या लाजेवर होता. बिल समोर आलं तेव्हाच, तिथंच बसून, ११५५ लावायला हवा होता.

पोरांनो, हॉस्टेल वाईट नव्हतं. सोबतचा एक केरळचा पोरगा रोज पहाटे नदीवरच्या बोटीनं फिरायचा, त्याचा आठवडा आमच्या एका रात्रीच्या पैशात झाला. जा. पण जो पहिल्या भेटीत तुमचे पैसे देतो, त्याच्या पुढच्या बियरचे पैसे तुम्ही द्या आणि पलंगावर जाऊन झोपा. पासपोर्ट कुणाकडं गहाण ठेवू नका, गाडी भाड्यानं घेतानाही नाही.

घरी पोचलो त्या सकाळी बाबा अंगणात खाटेवर बसले होते. कार्ड ज्या खात्याचं, ते खातं आमचं दोघांचं. बँकेचे मेसेज त्यांच्या मोबाईलवर जातात, हे मी साफ विसरलो होतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक अक्षर लावून वाचलं.

"बाबू, हैदराबादच्या कोन्या बाजूले येते रे हे बँकाक?"

मी काहीच बोललो नाही. त्यांनी मोबाईल बनियनच्या खिशात टाकला, फावडं उचललं आणि ओलिताला निघून गेले.