भवानी पेठेतून लॅमिनेट घेतलं, अनुभव सांगतो
किचन आणि मुलीच्या खोलीसाठी टिंबर मार्केटमधल्या एका दुकानातून सनमायका घेतला, म्हणजे लॅमिनेटच, पण आपल्याकडे सगळे सनमायकाच म्हणतात. दुकानदार काकांनी आठ बाय चारची अख्खी शीट उन्हात नेऊन दाखवली, हे फार आवडलं, कारण छोट्या कॅटलॉगच्या तुकड्यात रंग वेगळाच दिसतो. ओट्याखाली आधी ग्लॉसी घेणार होतो पण त्यावर बोटांचे ठसे लगेच दिसतात, म्हणून स्वेड फिनिश (चमक नसलेलं, हाताला मऊसर लागणारं) घेतलं, 1 एमएम, हळदीचा डाग पण लगेच पुसला की जातो.

मुलीला दमा आहे त्यामुळे वासाची जाम काळजी होती. काकांनी स्वतःहून सांगितलं की फॉर्मल्डिहाइड (डिंकातून सुटणारा, श्वासाला त्रास देणारा वायू) जास्त करून आतल्या प्लाय किंवा एमडीएफमधून (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) येतं, नुसतं वरचं लॅमिनेट भारी घेऊन उपयोग नाही, ई-झिरो प्लाय, म्हणजे हा वायू अगदी कमी सोडणारा, घ्या आणि सगळ्या कडा एज बँडिंगने, म्हणजे कडेला चिकटवायच्या पट्टीने, बंद करा. तसंच केलं, वर आठ दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या, मग तिला झोपवलं. काही त्रास नाही.

फक्त डिलिव्हरी दोन दिवस उशिरा आली आणि एका शीटचा कोपरा तुटलेला, पण बदलून दिली.