जुगारावर देखरेख कुणी ठेवावी? तामिळनाडू, नेवाडा आणि न्यू जर्सीचे नियम

मटक्याची चिठ्ठी म्हणजे काय, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. यंत्रमागावरची किंवा विड्यांची मजुरी घरी पोहोचण्याआधीच ओपन-क्लोजमध्ये गेली, अशी घरं आपल्या ओळखीत आहेत. आता तोच पैसा मोबाइलवरून जातो. केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यात देखरेखीसाठी प्राधिकरणाची तरतूदही ठेवली. शिवाय सट्टा आणि जुगार हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला 34 वा विषय आहे, म्हणजे राज्यालाही यात अधिकार आहे. म्हणून आमदार-खासदारांना निवेदन देणार असाल, तर ‘प्राधिकरणाचे सदस्य लायक आणि निःपक्षपाती असावेत’ एवढ्यावर थांबू नका. कोण चालेल आणि कोण चालणार नाही, हे स्पष्ट लिहून मागा.

सर्वांत जवळचा नमुना तामिळनाडूच्या 2022 च्या कायद्याचा. तिथल्या प्राधिकरणाचा अध्यक्ष मुख्य सचिव दर्जाचा निवृत्त अधिकारी. सोबत पोलीस महानिरीक्षक दर्जाचा निवृत्त अधिकारी, माहिती-तंत्रज्ञानाचा जाणकार, ऑनलाइन खेळांचा जाणकार आणि मानसशास्त्रज्ञ. मानसशास्त्रज्ञाची जागा मला फार मोलाची वाटते. व्यसनात बुडालेला माणूस फक्त गुन्हेगार म्हणून पाहिला जाऊ नये, याची सोय त्यात आहे. पण खेळांचा जाणकार बहुधा कंपन्यांमधूनच येणार. त्याच्या हितसंबंधांचं काय?

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात जुगारावर देखरेखीसाठी दोन मंडळं आहेत. तिघांचं नियंत्रण मंडळ चौकशी करून शिफारस करतं, पाच जणांचा आयोग अंतिम निर्णय घेतो. आयोगात शक्यतो कुठल्याही दोघांचा व्यवसाय एकच नसावा, असं कायदाच म्हणतो. आमदार किंवा राजकीय पक्षाचा पदाधिकारी सदस्य होऊ शकत नाही. ही अट आपल्याकडे जशीच्या तशी हवी. महामंडळांवर कुणाची सोय लावली जाते, ते आपण पाहतोच.

तरीही माझं मत अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्याकडे झुकतं. तिथल्या अटलांटिक सिटी शहरात कॅसिनो आले तेव्हा तिथल्या कायद्याने ओळखलं की लाच नेहमी पाकिटातून येत नाही, ती निवृत्तीनंतरच्या नोकरीच्या रूपानेही येते. त्यामुळे देखरेख आयोगाच्या सदस्याची नेमणुकीआधीची 3 वर्षं कॅसिनोच्या परवानाधारकाकडे नोकरी किंवा हिस्सा नको, आणि पद सोडल्यावर 4 वर्षं तिकडे जायचं नाही. परवाना दिलेल्या कॅसिनोत सदस्याने स्वतः खेळायचंही नाही, कामाचा भाग असेल तेवढाच अपवाद.

इतक्या कडक अटींवर चांगली माणसं येतील का, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. त्यावर इलाज म्हणजे पूर्णवेळ पद आणि भरपूर पगार. अट सैल करणं हा इलाज नव्हे.

केंद्राने 2023 मध्ये गेमिंग उद्योगाच्याच स्वनियामक संस्थांची वाट काढली होती, पण तशी एकही संस्था मान्य झाली नाही. त्या वाटेची मागणी करू नका.

निवेदनात तामिळनाडूचा मानसशास्त्रज्ञ, नेवाडाची आमदार-पक्षपदाधिकाऱ्यांवरची बंदी आणि न्यू जर्सीची वर्षं आकड्यांसह लिहा. घासाघीस झालीच तर आधीच्या 3 वर्षांवर तडजोड करा. नंतरची 4 मात्र सोडू नका.