चार जीबीतले दोन जीबी ‘ग्राफिक्सला गेले’ म्हणे

नवी बॅटरी आणली की तिच्यावर छापलेल्या १२ व्होल्टवर मी विश्वास ठेवत नाही, आधी मीटर लावतो. रेझिस्टरची नवी पट्टी आली तरी त्यातला एखादा मोजून बघतो. घरच्यांना ही खोड माहीत आहे, त्यावरून चेष्टाही होते. तर अशा माणसाने ९,४९९ रुपयांचा टॅबलेट न मोजता घेतला आणि तीन महिने दोष भलत्याच ठिकाणी शोधला, त्याची ही गोष्ट.

माझं काम निफाड आणि दिंडोरीच्या पट्ट्यात. द्राक्षबागेत ठिबकचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारी पेटी, मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर, मोटारीचा मोबाईल स्टार्टर, अशी यंत्रं मी बनवतो आणि बसवतो. आत मेंदू म्हणून एटीमेगा ३२८ ही साधी चिप असते, जरा मोठं काम असेल तर वाय-फाय असलेली ईएसपी३२. बसवल्यावर बांधावर उभं राहून प्रोग्रॅममध्ये दोन आकडे बदलायचे, सिरियल मॉनिटरवर, म्हणजे यंत्राने पाठवलेले आकडे दाखवणाऱ्या खिडकीत, रीडिंग बघायचं, परत अपलोड मारायचं. एवढ्यासाठी पंधरा इंची लॅपटॉप चिखलातून वाहून न्यायचा कंटाळा आला होता. त्यातून तीन फेज वीज बरेचदा रात्री यायची. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात लॅपटॉप आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये, द्राक्षाच्या गोडी (फळासाठीच्या) छाटणीची कामं सुरू व्हायच्या आधी, फोनवर जाहिरात दिसली. दहा इंची विंडोज टॅबलेट, इंटेल क्वाड कोअर एन४१००, ४ जीबी रॅम, १६० जीबी साठवण, दोन यूएसबी पोर्ट, ‘इंजिनिअर आणि फील्ड स्टाफसाठी खास’. त्या ‘खास’नेच मला खाल्लं. मी मनात हिशेब केला की आपल्याला गेम खेळायचे नाहीत, एक आयडीई (प्रोग्रॅम लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर) आणि एक सिरियल मॉनिटर चालला की झालं. गरज लहान असली की माणूस तपासणीही लहान करतो.

पैसे घरपोच वस्तू आल्यावर रोख द्यायचे होते. मला ते सुरक्षित वाटलं. खरं म्हणजे कुरिअरवाला पैसे घेतल्याशिवाय खोकं उघडू देत नाही, आणि रोख एकदा गेली की कार्डासारखा बँकेमार्फत व्यवहार उलटवायचा रस्ताही राहत नाही. म्हणजे सुरक्षित होतं, पण विकणाऱ्यासाठी.

खोकं उघडल्यावर पहिली गोष्ट दिसली ती पोर्टांची. फोटोत दोन होते, हातात एकच, तोही मायक्रो यूएसबी. त्यातूनच चार्जिंग आणि त्यातूनच ओटीजी, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडणं. म्हणजे बोर्ड जोडला की चार्जिंग बंद. विंडोजच्या सिस्टीम माहितीच्या पानावर प्रोसेसर एन४१०० असाच लिहिलेला होता, ते बघून बरं वाटलं. खाली रॅम मात्र २ जीबी, त्यातली १.८९ वापरण्याजोगी, आणि ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम’.

बिलावरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय शांत आणि गोड बोलणारा. “सर, बाकीचे दोन जीबी ग्राफिक्सला राखीव असतात. ३२-बिट विंडोज मुद्दाम टाकलीय, हलकी पडते, बॅटरी टिकते.”

मला पटलं! आज ते वाक्य लिहितानाही कान गरम होतात. ग्राफिक्ससाठी काही मेमरी बाजूला पडते हे खरं आहे, आणि थापेत तेवढंच खरं घातलेलं होतं. पण ती बाजूला पडलेली मेमरी कंसातल्या आकड्यात दिसते: बसवलेली २, वापरण्याजोगी १.८९. बसवलेला आकडा त्यामुळे ४ चा २ होत नाही. हे मला माहीत होतं. फक्त ९,४९९ रुपये देऊन पंधरा मिनिटं झाली होती आणि मला ते माहीत असायला नको होतं.

पुढचा धक्का आर्डुइनोचा, म्हणजे मी वापरतो त्या आयडीईचा. तिच्या दुसऱ्या आवृत्तीला ६४-बिट विंडोज लागते, त्यामुळे ती बसलीच नाही. जुनी १.८.१९ घेतली. १६० जीबी म्हणजे काय तेही तेव्हा कळलं. आतली ३२, आणि खाचेत घालून दिलेलं १२८ जीबीचं कार्ड. ३२ मधली बरीचशी जागा विंडोजनेच खाल्लेली. ईएसपी३२ साठी लागणाऱ्या फाइली उतरवायच्या तर काही जीबी लागतात, म्हणून मी सगळा संसार डी ड्राइव्हवर, म्हणजे त्या कार्डावर हलवला. आधी जुन्या कामांचे फोटो, व्हिडिओ आणि डेटाशीट गेल्या, साधारण सात जीबी. मग आयडीईच्या फोल्डरात ‘पोर्टेबल’ नावाचं फोल्डर करून बाकीचं तिथेच. स्वतःच्या हुशारीवर खूशही झालो होतो.

दोन आठवडे बरे गेले. मग ईएसपी३२ चा प्रोग्रॅम कधी कंपाइल व्हायचा (चिपच्या भाषेत उतरायचा), कधी नाही. एखादी हेडर फाइल सापडत नाही म्हणायचं, तर एखाद्या ओळीवर अशी चूक दाखवायचं की ती ओळ मी लिहिलेलीच नसायची. मी लायब्ररी (तयार कोडचे गठ्ठे) काढल्या, परत घातल्या. घातल्या घातल्या चालायचं. दुसऱ्या दिवशी टॅबलेट चालू केला की पुन्हा तेच. मी माझ्या कोडला शिव्या घातल्या, बोर्ड बदलले. बोर्डांवरच्या, यूएसबीशी बोलणाऱ्या सीएच३४० चिपवरही संशय घेतला, आणि त्याबद्दल तिची माफी मागायला हवी. सीएच३४० स्वस्त आहे, पण ती स्वतःच्या नावाने विकली जाते. दुसऱ्याच्या नावावर चिप विकणं निराळं. २०१४ च्या ऑक्टोबरात एफटीडीआय या चिप कंपनीच्या ड्रायव्हरने विंडोज अपडेटमधून येऊन, तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नकली एफटी२३२ या यूएसबी चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला होता आणि अनेकांच्या केबली एका दिवसात मेल्या होत्या. तेव्हापासून नकली मालाची भीती माझ्या डोक्यात आहे, पण ती केबलपुरतीच होती.

सगळ्यात वाईट प्रसंग नोव्हेंबरात घडला. निफाड तालुक्यातल्या एका बागेत चौदा सेन्सर होते. प्रत्येक सेन्सर कोरड्या मातीत किती दाखवतो आणि भिजलेल्या मातीत किती, ते आकडे मी एका फाइलमध्ये ठेवले होते. ० ते १०२३ मधले ते दोन-दोन आकडे गेले तर सेन्सर असून नसल्यासारखा. त्या दिवशी फाइल दिसत होती, नाव बरोबर, आकारही बरोबर, उघडली तर आत काही नाही. मधल्या काळात दोन ओळींची रीडिंग वेडीवाकडी येत होती म्हणून मी बागवाल्या काकांना आधीच सांगून बसलो होतो की तुमचं अर्थिंग खराब आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी वायरमन बोलावून नवीन अर्थिंग घातलं होतं. मी बांधावर टॅबलेट उलटसुलट करत बसलेला बघून ते म्हणाले, “भाऊ, मला तर तुमचंच यंत्र आजारी दिसतंय.” तेवढ्यात ४१ टक्के बॅटरी दाखवत असलेला टॅबलेट फटकन बंद पडला.

निफाडला एक मित्र कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. चहा येईपर्यंत त्याने सीपीयू-झेड हा प्रोसेसर ओळखणारा प्रोग्रॅम चालवून स्क्रीन माझ्याकडे फिरवली. ॲटम झेड३७३५एफ. इंटेलच्या बे ट्रेल घराण्यातला, २०१४ सालचा प्रोसेसर. इंटेलच्याच माहितीपत्रकात त्याची मेमरीची कमाल मर्यादा २ जीबी आहे, म्हणजे त्यावर ४ जीबीचा दावाच होऊ शकत नाही. मग सिस्टीमच्या पानावर एन४१०० कसं? ते पान प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतून उचलतं. मित्राने ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा टास्क शेड्यूलर उघडला. त्यात अपडेटसारखं नाव दिलेलं एक काम होतं. टॅबलेट सुरू झाला की ते रजिस्ट्रीत जाऊन ‘एन४१००’ लिहायचं. ते काढून टॅबलेट परत चालू केला आणि त्या पानावरही ॲटम आला. सीपीयू-झेड नाव थेट चिपला विचारतं, म्हणून तिथे ही बनवाबनवी चालत नाही.

मला राग आला, पण खरं सांगतो, थोडं कौतुकही वाटलं. कुणीतरी बसून ही एक ओळ लिहिली होती.

कार्ड घरी आणून रात्रभर एच२टेस्टडब्ल्यूला लावलं. हा छोटा फुकट प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरतो आणि मग सगळं वाचून पडताळतो. सकाळी निकाल समोर: साधारण ७.४ जीबी खरी, बाकी सगळी हवा. म्हणजे ८ जीबीचं कार्ड, त्याला आतून ‘मी १२८ आहे’ असं बोलायला शिकवलेलं. अशा कार्डात फाइलींची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते, म्हणून नाव आणि आकार नीट दिसतात. आतला मजकूर खऱ्या जागेपलीकडे लिहिला की तो कुठेच जात नाही. लिहिल्यावर लगेच उघडली तर फाइल उघडतेही, कारण ती कार्डावरून नव्हे, रॅममधून येते. ‘आज चालतं, उद्या नाही’ याचं उत्तर तिथे होतं. माझी पहिली सात जीबी, म्हणजे जुने फोटो आणि व्हिडिओ, सुखरूप होती. त्यानंतरचं, कामाचं तेवढं सगळं गेलं.

मागचं झाकण उघडलं तर बॅटरीवर स्टिकरवर स्टिकर आणि तिचं पाकीट मधोमध फुगलेलं. ती मी लगेच काढून टाकली. फुगलेली लिथियम बॅटरी दाबून झाकण परत बसवू नका, कितीही मोह झाला तरी.

मग तक्रारीचं. फोन बंद होता, वेबसाइट उघडेना. बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजला तर चौदा अक्षरं! खरा पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून दुकानाचं नाव बघायला एक मिनिट लागतं, आणि ते मिनिट मी ऑर्डर द्यायच्या आधी घालवायला हवं होतं. विक्रीच्या वेबसाइटवर क्रमांक नसेल तर मागून घ्यावा. टॅबलेटच्या मागच्या बाजूला सीई ही युरोपातली खूण छापलेली होती, पण आपल्याकडे विकायच्या टॅबलेटवर भारतीय मानक ब्यूरोची खूण, आयएस १३२५२ आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक लागतो, तो नव्हता. ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की बनवणारा कोण ते कळतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबरसाठी १९३० आहे, तिथेही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. एक खाच मात्र आहे. मी बिल धंद्याच्या नावाने घेतलं होतं, आणि अशा वेळी समोरचा ‘व्यापारी वापर’ म्हणून हरकत घेतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरायची वस्तू असेल तर कायदा आपल्याला ग्राहकच मानतो, पण ते आपल्याला सांगावं लागतं. माझी गाडी तिथपर्यंत पोचलीच नाही, कारण नोटीस पाठवायला पत्ताच नाही. परतीचा पत्ता कुरिअरच्या गोदामाचा निघाला. पैसे आलेले नाहीत.

काकांकडे जाऊन अर्थिंगबद्दल चूक कबूल केली आणि चौदा सेन्सर पुन्हा मातीत घालून, काढून, दोन दिवसांत आकडे घेतले, या खेपेला वहीत. अर्थिंगचा खर्च बिलातून वजा करतो म्हटलं तर म्हणाले, “राहू द्या, अर्थिंग चांगलंच झालंय.”

आता बांधावर बहुतेक वेळा फोनच पुरतो. ओटीजी केबल आणि सिरियल टर्मिनलचं ॲप घेतलं की सीएच३४० च्या बोर्डाशी बोलता येतं. ईएसपी३२ ला फोनच्या हॉटस्पॉटवरून हवेतून प्रोग्रॅम टाकता येतो, तेव्हा केबलही लागत नाही. अपलोडचं मोठं काम असेल तर एका ऑफिसातून निघालेला जुना बारा इंची लॅपटॉप घेतलाय, दुकानात बसून, सीपीयू-झेड चालवून. दुकानदार हसत होता. हसू दे.

परवा फोनवर तीच जाहिरात परत दिसली. नाव वेगळं, ९,४९९ चे ८,९९९ झालेत. फोटो तोच आहे, दोन पोर्टांचा.