जांघेतल्या पुळीसाठी मेडिकलमध्ये मिळणारा माल: काय घ्यावं, काय परत करावं

‘खाली पुळी आलीय, काहीतरी द्या,’ एवढंच बाई काउंटरवर हळू आवाजात सांगते आणि पुष्कळदा तिच्या हातात एकच ट्यूब पडते: क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफिन एकत्र असलेलं मलम. म्हणजे स्टेरॉइड, जंतूंवरचं औषध आणि बुरशीवरचं औषध, सगळं एकातच. या मालात सर्वांत जास्त नुकसान करणारी वस्तू हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल.

क्लोबेटासॉल हे त्वचेला लावायच्या स्टेरॉइडांपैकी सर्वांत तीव्र गटातलं. लावलं की खाज आणि लाली लगेच बसते, म्हणून गुण आला असं वाटतं. बुरशी मात्र आत पसरत राहते. गजकर्णाची उठावदार कड पुसट होते आणि मग डॉक्टरांनाही तो ओळखायला अवघड जातो. जांघेची कातडी मुळात नाजूक. तिथे हे मलम काही आठवडे लावलं तर ती आणखी पातळ होते, जांभळट पट्टे उमटतात आणि ते सहसा कायमचे राहतात. स्टेरॉइडची अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम आहे. लायकेन स्क्लेरोसस या आजारात, म्हणजे जागा पांढरी पडून भयंकर खाजते तेव्हा, डॉक्टर हेच क्लोबेटासॉल एकटं लिहून देतात, किती आणि किती दिवस ते ठरवून. तिथे ते उत्तम काम करतं. कसली पुळी ते न बघता दिलेली मिश्र ट्यूब मात्र परत करावी.

पुळी कसली हे छोटा आरसा आणि चांगला उजेड घेऊन बरंचसं कळतं. केसांच्या जागी, मधोमध केस किंवा पांढरं टोक आणि दाबलं की दुखतं, ते केसतूड. रेझर फिरवल्यानंतर दोन-तीन दिवसांत येणाऱ्या पुळ्या बहुतेक याच. योनीच्या ओठांवरचे बारीक पिवळसर ठिपके, जे दुखत नाहीत की खाजत नाहीत, त्या तेलग्रंथी. त्यांना औषधच लागत नाही. योनीच्या तोंडाशी दोन्ही अंगांना सारखे, मऊ, वेगवेगळ्या बुडाचे कोंब असतील तर तीही शरीराचीच ठेवण. चामखीळ वेगळी दिसते: एकाच बुडातून फुलकोबीसारखे कोंब फुटतात आणि वाढत जातात. ती एचपीव्ही विषाणूची, बहुतेक वेळा 6 आणि 11 या प्रकारांची. मधे खळगा असलेले 2 ते 5 मिलिमीटरचे चकचकीत दाणे मोलस्कमचे, म्हणजे विषाणूने होणाऱ्या एका त्वचारोगाचे. योनीच्या तोंडाशी खालच्या बाजूला, एकाच अंगाला गाठ आली तर ती योनीला ओलावा देणाऱ्या बार्थोलिन ग्रंथीची असू शकते. पाण्याने भरलेल्या फोडांचा घोस, आग आणि ताप असेल तर हर्पिस. आणि अजिबात न दुखणारी एकच जखम असेल तर सिफिलिसची तपासणी करायलाच हवी; दुखत नाही म्हणून ती सोडून देतात, तिथेच फसतं.

केसतूड आणि बार्थोलिनच्या लहान गाठीसाठी सर्वांत चांगली वस्तू म्हणजे शेक. सिट्झ बाथ टब, म्हणजे बसून शेकायचं भांडं, कमोडवर बसतो. देशी संडास असेल तर तो घेऊन उपयोग नाही, कपडे भिजवायचा स्वच्छ घासलेला रुंद टब पुरतो. मनगटाला सोसेल इतकं कोमट पाणी, 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघायची वेळ असेल तर एक तांब्या पाणी आणि धुतलेलं सुती फडकं घेऊन शेकलं तरी चालतं. मीठ, तुरटी, अँटिसेप्टिक काही घालू नये. नंतर टिपून कोरडं करायचं. फोडायचं, पिळायचं नाही. पू खोल जातो आणि केसतुडाचं बेंड होतं.

साधी पेट्रोलियम जेली पूर्ण गुणांची वस्तू. वेचणी, ऊसतोड, दिवसभर चालणं यांत घाम येऊन मांड्या घासतात, त्यावर कामाला निघण्याआधी पातळ थर लावावा. साधं 1 टक्का क्लोट्रिमाझोल बुरशीसाठी ठीक, पण दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे, आणि चट्टा गेल्यावरही मुदत पुरी करायची. केसतुडावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. वारंवार बुरशी होत असेल तर साखर तपासून घ्यावी.

इंटिमेट वॉश घेऊ नये. योनी आतून स्वतःच साफ होते. बाहेरून पाणी पुरतं. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, तो घडीत राहून खाज आणतो. सुगंधी वॉश आणि सुगंधी पॅडचंही तेच. केस काढायची क्रीम ओठांच्या आतल्या बाजूला लागली तर भाजते. केस काढायलाच हवेत असं मुळीच नाही. काढायचेच तर कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करावेत. रेझर वापरलाच तर केसांच्या दिशेने, कातडी न ताणता, आणि तो दुसऱ्या कुणाचा नको. पायाच्या कुरुपाचं सॅलिसिलिक द्रावण, चुना, घोड्याचा केस यांपैकी काहीही इथल्या चामखिळीला लावू नये, जखम होते.

चामखीळ, फोड किंवा जखम असेल तर जिल्हा रुग्णालयातलं किंवा सरकारी मेडिकल कॉलेजातलं सुरक्षा क्लिनिक, म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांचा दवाखाना, खासगी दुकानापेक्षा कितीतरी बरं. तपासणी, समुपदेशन आणि औषधं फुकट. हर्पिसच्या औषधांचा संच लाल, इतर जखमांचा पांढरा. गर्दी असते, सकाळी ओपीडीच्या वेळेत जावं आणि बाई डॉक्टर हव्यात असं स्पष्ट सांगावं. नवऱ्यालाही सोबत न्यावं. त्याचे उपचार राहिले तर लागण परत होते. आधी फोनवर विचारायचं असेल तर 1097 ही सरकारी हेल्पलाइन आहे.

पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅक लस एचपीव्हीच्या 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांवर आहे. 9 ते 14 वयाच्या मुलींना दोन डोस. आलेली चामखीळ तिने जात नाही.

ताप, चालता न येण्याइतकी दुखणारी गाठ किंवा झपाट्याने पसरणारी लाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चाळिशीनंतर नव्याने आलेली बार्थोलिनची गाठ, किंवा पाळी गेल्यावर आलेली आणि काही आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो. तिथे कोणतीही ट्यूब लावत बसू नये.