तीन बाटल्या ‘यकृतरक्षक’ आणि एक श्रावण

गटारीच्या दुसऱ्याच दिवशी दादर पश्चिमेच्या एका औषधाच्या दुकानातून मी ‘यकृतरक्षक’ अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची साठ नगांची बाटली १,१५० रुपयांना घेतली. सकाळ-संध्याकाळ एक याप्रमाणे आता तिसरी बाटली संपत आली आहे. कॅप्सूल बोटाच्या पेराएवढी असल्याने घोटभर पाण्याने उतरत नाही; फोडून पाहिली, तर आतल्या पिवळट, कडवट पुडीचा हळदीसारखा डाग बोटांवर दोन दिवस राहिला. मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीतले सिलिमरीन, हळदीचा व ग्रीन टीचा अर्क आणि ई जीवनसत्त्व असे घटक आहेत. दर्शनी बाजूला टवटवीत यकृताचे चित्र आहे, आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ हे मागे, भिंगाखाली धरावे इतक्या बारीक अक्षरांत.

उत्पादनामागचा तर्क अगदीच पोकळ नाही. यकृतात दारूचे आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन होते. शिवाय नेहमी पिणाऱ्यांच्या यकृतात सीवायपी२ई१ हे विकर (एन्झाइम) वाढते, त्यातून ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू सुटतात आणि त्यांना आवरणारे ग्लुटाथायोन खर्ची पडते. बाहेरून अँटिऑक्सिडंट पुरवावे, हे ओघानेच सुचते, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत ते साधतेही. माणसांत मात्र गाडी अडते. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या मिल्क थिसलवरच्या २००७ मधील आढाव्यात चांगल्या प्रतीच्या चाचण्यांत मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. दारूमुळे यकृताला तीव्र सूज आलेल्या फ्रान्समधील १७४ गंभीर रुग्णांच्या चाचणीत (२०११) स्टेरॉइडच्या जोडीला शिरेवाटे एन-ॲसिटिलसिस्टीन हे ग्लुटाथायोन भरून काढणारे औषध दिल्यावर पहिल्या महिन्यातील मृत्यू २४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले, परंतु सहा महिन्यांनी तो फरक ठोस उरला नाही.

माझी जीजीटी (दारूने यकृतावर ताण आला की रक्तात वाढणारे विकर) सुरुवातीला ११२ होती आणि अनंत चतुर्दशीनंतर ती ५१ भरली, तेव्हा मी ही कॅप्सूल दोन मित्रांना आवर्जून सुचवली. श्रावण आणि गणपती मिळून सहा आठवडे आपण थेंबही घेतला नव्हता, हे त्या भरात सोयीस्कर विसरलो. पुढचे सहा आठवडे कॅप्सूल चालू ठेवून शुक्रवारची बैठकही पुन्हा सुरू केली, जीजीटी ९७. ‘पार्टीच्या आधी दोन घ्या, साहेब,’ या दुकानदाराच्या सल्ल्याने मी निर्धास्तपणे तिसरा पेग भरू लागलो होतो, ते वेगळेच.

‘फायदा नाही तर नाही, अपाय तर नाही ना,’ असेही म्हणवत नाही. ग्रीन टीच्या तीव्र अर्काने आणि हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये शोधनिबंधात मांडले होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला, हेही नोंदवायला हवे. आवळा आणि हळद जेवणातून घ्यायला हरकत नसावी, पण त्यांच्या भरवशावर पेग वाढवता येत नाही.

पाचपैकी एक तारा, तोही बाटलीचे झाकण घट्ट बसते म्हणून. आठ कॅप्सूल उरल्या आहेत. फोडलेली बाटली दुकानदार परत घेत नाही.