भाड्यानं आणलेलं ऑक्सिजन मशीन आणि भाच्याची चिठ्ठी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या, पेशंटचं सामान भाड्यानं देणाऱ्या एका दुकानातून आम्ही मिनिटाला पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं, विजेवर चालणारं मशीन), पाठीकडून उचलता येणारा बेड आणि लाईट गेली तर असावा म्हणून एक सिलिंडर भाड्यानं घेतला. सव्वादोन महिने. पेशंट माझा भाचा, वय 19.

तो आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत फुटबॉल खेळत मोठा झाला. गुडघा दुखतो म्हणाला तेव्हा मार लागला असेल असंच सगळ्यांना वाटलं. निघाला ऑस्टिओसार्कोमा. हाडाचा हा कॅन्सर जास्त करून वाढीच्या वयात होतो आणि सगळ्यात जास्त गुडघ्याजवळ. केमो झाली, पाय मांडीतून काढला, तरी वर्षभरात फुफ्फुसात उतरला. पुढच्या केमोला त्यानंच नको म्हटलं. "मामा, आता घरी ने. मॅचचा आवाज येतो तिथं."

मशीन घेऊन आलेल्या काकांबद्दल लिहायलाच हवं. बेड कुठं लावायचा हे त्यांनी आम्हाला नाही, त्याला विचारलं. त्यानं खिडकीकडं तोंड करायला सांगितलं. मग विचारलं, "काका, याच्या आधी हे कुणाकडं होतं?"

"एका आजोबांकडं."

"बरे झाले?"

ताई माझा हात धरून उभी होती. काका म्हणाले, "न्हाई बाळा. पण शेवटी त्रास झाला न्हाई, असं घरची माणसं म्हणत होती."

"मग चांगलं आहे मशीन," असं म्हणून त्यानं नळी स्वतःच नाकात घातली.

दुकानाची एक चूक झाली. सिलिंडरसोबत तो उघडायची चावी दिलीच नव्हती, आणि तिसऱ्याच रात्री लाईट गेली. माझे हात थरथरत होते. तो ताईला म्हणाला, "आई, पुठ्ठ्यानं तोंडावर वारं घाल. जोरात नको, सारखं." फॅनचं वारं चेहऱ्यावर आलं की धाप कमी वाटते, हे डॉक्टरांनी सांगितलेलं त्यानं लक्षात ठेवलं होतं. वीस मिनिटांत काका स्वतः चावी घेऊन आले. पण ही वीस मिनिटं दुसऱ्या कुणाच्या घरी येऊ नयेत. घेताना चावी मागून घ्या आणि एकदा फिरवून बघा.

ऑक्सिजनजवळ दिवा चालत नाही, म्हणून आज्जीनं देवघरातला नंदादीप काढून सोप्यात नेला. तिला ते फार लागलं. तो म्हणाला, "अंबाबाईला सांग, मीच हलवायला सांगितलाय. रागवायचं तर माझ्यावर रागव म्हणावं." त्यावर आज्जी कितीतरी दिवसांनी हसली.

पाटाकडील आणि शिवाजी या इथल्या फुटबॉल संघांची मॅच त्यानं मोबाईलवर पाहिली आणि शाहू स्टेडियमवरचा खरा आरडाओरडा खिडकीतून ऐकला. तेवढ्यापुरता मॉर्फिनचा, म्हणजे दुखणं कमी करणाऱ्या औषधाचा, डोस अर्धा तास पुढं ढकलायला लावला. झोप येते म्हणून. मला ते पटलं नव्हतं, पण मी गप्प बसलो.

शेवटच्या आठवड्यात त्यानं माझ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली, "पुढच्या माणसासाठी". जशी सांगितली तशी देतो:

"मशीन भिंतीला चिकटवू नका, त्याला हवा लागते. खाली जाड सतरंजी घाला, रात्री घरघर कमी होते. मशीनला लावलेल्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी घाला, ते रोज बदला. नळीनं कानामागं सोलतं, तिथं कापूस लावा. नाकाला व्हॅसलीन नको, ऑक्सिजनजवळ ते पेट घेऊ शकतं. बेडचा डावा दांडा घट्ट आहे, आईला ओढायला लावू नका. पहिले दोन दिवस आवाजानं झोप लागत नाही, मग लागते."

तो गुरुवारी पहाटे गेला. धाप लागली नाही. सामान लगेच परत करायचं, कुणीतरी थांबलेलं असणार, असं त्यानं बजावलं होतं, म्हणून तेराव्याची वाट न बघता शनिवारीच मी फोन केला. काकांनी डिपॉझिट पूर्ण दिलं, उरलेल्या दिवसांचं भाडंही परत केलं. चिठ्ठी दोनदा वाचली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून बेडच्या पायथ्याला चिकटपट्टीनं लावली.

तो बेड तुमच्याकडं आला तर चिठ्ठी काढू नका. तुम्हाला काही नवीन कळलं, तर खाली जागा सोडली आहे.