बँकेच्या लिलावातलं घर: आधीच मालकाकडून घ्यावं की बोली लावावी?

घरावर बँकेचा लिलाव येऊ घातला की एजंट हमखास म्हणतो, "मालकाशीच बोलू, आधीच मिटवून टाकू." त्याला पहिला प्रश्न विचारा: लिलावाची नोटीस पेपरात आली का? सरफेसी कायद्यात, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी बँकेला कोर्टात न जाता घर विकू देणाऱ्या कायद्यात, २०१६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून कर्ज फेडून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क ही नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये तेच सांगितलं. नोटीस आल्यानंतरही मालक तुमचं टोकन खुशाल घेईल, पण बँक पैसे घ्यायला बांधील नाही.

लिलावाची नोटीस अजून यायची असेल, तर मला मालकाकडून घेणंच बरं वाटतं. समजा, डोंबिवलीतल्या फ्लॅटवर ३८ लाख थकलेत आणि सौदा ५५ लाखांना ठरला. ३८ लाखांचा डीडी थेट कर्जखात्याच्या नावे काढायचा, बाकीचे खरेदीखत नोंदवताना मालकाला. मधल्या काळात त्याच्या हातात मोठी रक्कम द्यायची नाही, त्याने कितीही गयावया केली तरी. थकबाकी भरा म्हणून बँक लिलावाच्या बरंच आधी देते ती ६० दिवसांची मागणी नोटीस बजावली गेली असेल, तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय त्याला घर विकताच येत नाही. त्यामुळे आधी बँकेचं पत्र घ्या: एकूण येणं किती, मूळ कागद कधी सोडणार, याच घरावर त्याचं आणखी एखादं कर्ज आहे का. फायदा असा की घर आतून बघता येतं, सोसायटीची थकबाकी सौद्यातून वळती होते आणि चावी मालक स्वतः देतो.

लिलावात भाव कमी लागू शकतो, विशेषतः पहिल्या फेरीत कोणी फिरकलं नसेल तर. पण पैसे तयार हवेत. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी, बोलीसाठी आधी भरलेली अनामत धरून, किमतीच्या २५ टक्के भरायचे. उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी जास्तीत जास्त तीन महिने. चुकलात तर भरलेले जप्त. घर मिळतं ते 'जसे आहे, जिथे आहे' या अटीवर.

आणि जाहिरातीत 'सांकेतिक ताबा' असेल, म्हणजे बँकेकडे ताबा फक्त कागदावर असेल, तर आत बहुधा कुटुंब राहतंय. ताब्यासाठी बँकेचा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, कर्जवसुली न्यायाधिकरणात मालकाची स्थगितीची मागणी... तोवर तुमचे पैसे अडकलेले, वर गृहकर्ज असेल तर हप्ता सुरू. प्रत्यक्ष ताबा बँकेकडे आहे आणि पैसा हाताशी आहे, तर जरूर बोली लावा. नोटीस निघालेली आणि ताबा फक्त कागदावर, असं घर मी सोडून देईन.